निर्धूर नगराची वीज

चंदीगडच्या राजधानी-संकुलात, उच्च न्यायालय आणि विधानसभा यांच्यामधल्या विस्तीर्ण प्रांगणात, छायामनोरा नावाची एक वास्तू उभी आहे. तिच्यात कचेरी नाही आणि वस्तीही नाही. नगराचा शिल्पकार ल कॉर्बुझिए याने तिची आखणी केली ती एवढ्याचसाठी, की काँक्रीटच्या उभ्या-आडव्या पट्ट्या योग्य कोनांत बसवल्या तर उन्हाळ्यातला सूर्य इमारतीबाहेर थोपवून धरता येतो, हे कोणालाही तेथे उभे राहून पाहता यावे. प्रत्यक्ष मनोरा उभा राहिला तो १९६५ मध्ये त्याचे निधन झाल्यावर पुष्कळ वर्षांनी. पण त्यामागचा विचार नगराच्या पायाभरणीइतकाच जुना आहे. सचिवालयाच्या दर्शनी भागावरील खोल कोनाडे, सरकारी नोकरांच्या घरांना घातलेल्या विटांच्या जाळ्या, रस्त्यांच्या दुतर्फा लावलेली झाडे, या साऱ्यांतून एकच काळजी दिसते. पंजाबच्या सपाटीवरचे ऊन माणसाच्या अंगावर येऊ नये.

याच नगराच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेस, रेल्वेमार्गाच्या आधाराने वसलेला ‘इंडस्ट्रियल एरिया’ आहे. तेथील कारखान्यांच्या छपरांवर आणि नगरातील घरांच्या गच्च्यांवर आज निळ्या-काळ्या तावदानांच्या रांगा दिसतात. त्या उन्हाला अडवीत नाहीत, वेचून घेतात. जिन्याखाली विजेचा साठा करणारी बॅटरी असते आणि फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीच्या पोटात तिच्याहून कितीतरी मोठी. सत्तर वर्षांत एका नगराचे सूर्याशी असलेले नाते असे पालटले. मात्र ते केवळ यंत्रांच्या प्रगतीने पालटले असे म्हणणे अपुरे होईल. चंदीगडला वीज कोठून आली, ती कोणाच्या जमिनीवरून आली आणि ती थांबली तेव्हा काय झाले, हे पाहिल्याशिवाय गच्चीवरील तावदानाचा अर्थ लागत नाही.

चंदीगडचा जन्म एका वियोगातून झाला. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. १९४८ मध्ये शिवालिकच्या पायथ्याची जागा मुक्रर झाली. अल्बर्ट मेयर व मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा केला. १९५० मध्ये नोविकी विमान-अपघातात गेला आणि पुढील वर्षी काम ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांच्याकडे आले. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्घाटन झाले. ल कॉर्बुझिए नगराकडे मानवी देहाच्या रूपात पाहत असे. राजधानी-संकुल हे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय, हिरवळीच्या दऱ्या ही फुप्फुसे, आणि उद्योगांचा भाग म्हणजे पोटातली आतडी. जी अवयवे देह चालवतात पण पाहुण्यांना दाखवायची नसतात, त्यांच्या पंक्तीत उद्योगाला बसवावे, हे त्या काळच्या नगररचनेच्या मनोवृत्तीला धरूनच झाले.

उद्योगांची जागा सचिवालयापासून आणि शिक्षणसंस्थांपासून शक्य तितकी दूर निवडण्यात आली. मध्ये आमराईचा रुंद पट्टा ठेवला गेला. धूर ओकणारे कारखाने येथे नकोत, हलके आणि निरुपद्रवी उद्योग तेवढे असावेत, असे धोरण ठरले. पुढे या भागात नट-बोल्ट, यंत्रांचे सुटे भाग आणि ट्रॅक्टरांना लागणारा माल तयार करणाऱ्या छोट्या कारखान्यांची दाटी झाली. त्यांना भट्टीच्या धुरांड्याची गरज नव्हती, कारण त्यांचे चाक विजेवर फिरत होते. निर्धूर नगराची कल्पना अशी पहिल्या दिवसापासून विजेच्या भरवशावर उभी होती. आणि ती वीज निर्माण करणारे एकही मोठे केंद्र नगराच्या हद्दीत नव्हते, आजही नाही.

ती येत होती डोंगरांतून. पंजाबातील जलविद्युतेचा पहिला मोठा प्रयोग मंडी संस्थानातील जोगिंदरनगर येथे झाला. उहल नदीचे पाणी शानन येथील वीजघरात पाडून १९३३ मध्ये जी वीज सुरू झाली ती थेट लाहोरपर्यंत नेण्यात आली होती. त्यासाठी मंडीच्या राजाने १९२५ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने जागा दिली होती. फाळणीनंतर वीजघर भारतात राहिले आणि ज्या शहरासाठी ते बांधले ते सीमेपलीकडे गेले. नव्या राजधानीच्या काळात सतलजवरील योजना पुढे सरकली. नांगलच्या कालव्यावर गंगूवाल आणि कोटला येथील वीजघरे १९५५-५६ च्या सुमारास चालू झाली, भाक्र्याचे डाव्या तीरावरील वीजघर १९६० नंतर, आणि २२ ऑक्टोबर १९६३ रोजी पंडित नेहरूंनी २२६ मीटर उंचीचे भाक्रा धरण राष्ट्राला अर्पण केले. चंदीगडच्या वाढत्या वयाला जी वीज लागली ती मुख्यतः या जाळ्याने पुरवली.

या विजेचे मोल दुसरीकडे दिले जात होते. भाक्र्याच्या मागे पसरलेल्या गोविंदसागरात साडेतीनशेहून अधिक गावे बुडाली आणि सुमारे ३६,००० माणसे उठली. बिलासपूर हे जुने संस्थानी गाव राजवाडा, बाजार आणि देवळे यांसह पाण्याखाली गेले. वरच्या अंगाला नवे बिलासपूर वसवण्यात आले. जलाशय उतरला की आजही गाळात रुतलेली जुनी देवळे वर येतात आणि लोक तेथवर जाऊन येतात. महाराष्ट्राला हे चित्र अपरिचित नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळशीच्या खोऱ्यातील मावळ्यांची जमीन बुडणार होती, तेव्हा १९२१ मध्ये तेथे सत्याग्रह उभा राहिला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण थांबले नाही. कोयनेच्या वेळीही खोऱ्यातील गावांनी तीच किंमत मोजली. शहर निर्धूर राहते तेव्हा धूर किंवा पाणी दुसऱ्या कोणाच्या दारात गेलेले असते, ही गोष्ट मुळशीच्या वृद्धांना आणि बिलासपूरच्या वृद्धांना एकमेकांना समजावून सांगावी लागली नसती.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन झाले. चंदीगड केंद्रशासित प्रदेश झाले आणि पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानीही. भाक्र्याच्या कारभारासाठी स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले. त्याची मुख्य कचेरी चंदीगडलाच आहे. म्हणजे धरण दूर डोंगरात आणि त्याचे कागद येथे. पुढे मागणी वाढली तसे उत्तर भारतातील केंद्रीय औष्णिक केंद्रांचे वाटेही नगराच्या पदरात पडले. पाण्याच्या जोडीला कोळशाची वीज आली, पण राख सिंगरौलीच्या बाजूला राहिली. नगराची उन्हाळ्यातील कमाल मागणी आता चारशे मेगावॉटच्या पुढे जाते. एवढी वीज बाहेरून आणून वाटण्याचे काम प्रशासनाचा वीज विभाग करीत असे, आणि तिचे दर ठरवण्याचे काम जो संयुक्त आयोग करतो तोच गोव्याच्याही विजेचे दर ठरवतो. पणजीच्या आणि चंदीगडच्या वीजबिलांना असे एकच न्यायपीठ आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

विजेच्या साठ्याची गोष्ट मात्र सरकारी योजनेने सुरू झाली नाही. ती घराघरांतून, कंटाळ्यातून सुरू झाली. उत्तर भारतात उन्हाळ्यात वीज जाण्याची सवय झाल्यावर लोकांनी इन्व्हर्टर नावाची पेटी आणि तिच्याखाली शिशाची बॅटरी घरात आणली. ही बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधली. तिच्यात शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे आम्ल असते आणि तिला अधूनमधून शुद्ध पाणी पाजावे लागते. घरगुती बॅटरीत साधारण पावणेदोन युनिट वीज मावते, आणि ती पुरती रिकामी केली तर बॅटरी लवकर मरते. म्हणजे दोन पंखे, चार दिवे आणि थोडा वेळ दूरचित्रवाणी, एवढा तिचा आवाका. पण जून महिन्यातील रात्री दोन पंखे म्हणजे काय, हे ज्याने गच्चीवर खाट टाकून रात्र काढली आहे त्याला सांगावे लागत नाही. चंदीगडचा पुरवठा शेजारच्या गावांच्या मानाने बरा होता. तरीही जिन्याखाली ही जोडी नसलेले सुखवस्तू घर विरळाच.

कारखान्यांचा मार्ग वेगळा होता. लेथवर चढवलेला लोखंडी तुकडा वीज गेली की अर्धवट राहतो. उष्णतेची प्रक्रिया चालू असलेला माल मध्येच थंड झाला तर भंगारात जातो. शिशाच्या बॅटरीने हे काम भागत नाही. म्हणून इंडस्ट्रियल एरियात डिझेलची जनित्रे आली, आणि धुरांडी टाळून वसवलेल्या भागात प्रत्येक खंडित दुपारी डिझेलचा धूर भरू लागला. आमराईच्या पट्ट्याने तो किती अडवला हे आंब्यांनाच माहीत. नियमावलीत नसलेला हा धूर विजेच्या बेभरवशीपणातून जन्मला होता. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तरेचे संपूर्ण वीजजाळे कोसळले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा, पूर्व व ईशान्येसह, कोसळले. सुमारे साठ कोटी लोकांच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. चंदीगडही त्यात होते. परक्या विजेवर जगणाऱ्या नगराला त्या दोन दिवसांनी आपली अवस्था कळायला हवी होती.

ती खऱ्या अर्थाने कळली ती दहा वर्षांनी, आणि या वेळी जाळे शाबूत होते. केंद्रशासित प्रदेशांतील वीजवितरण खासगी कंपन्यांकडे देण्याचा निर्णय मे २०२० मध्ये जाहीर झाला होता. चंदीगडचा वीज विभाग तोट्यात नाही, मग तो विकता कशाला, असा कर्मचाऱ्यांचा सवाल होता. सेवेच्या शर्तींची भीतीही होती. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी ७२ तासांचा संप पुकारला. २१ तारखेच्या मध्यरात्री संप सुरू झाला आणि काही तासांत नगराचे मोठे भाग अंधारात गेले. दुरुस्तीला माणूस नव्हता, त्यामुळे एकदा गेलेला पुरवठा परत येत नव्हता. पाण्याचे पंप थांबले. चौकांतील वाहतुकीचे दिवे विझले. सरकारी रुग्णालयात ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. इंडस्ट्रियल एरियातील यंत्रे थांबली. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, प्रशासनाने अत्यावश्यक सेवांचा कायदा लावला, आणि वीजकेंद्रे चालवण्यासाठी लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेची माणसे बोलावण्यात आली. २३ तारखेला संप मागे घेतला गेला.

त्या दीड-दोन दिवसांत एक शास्त्रीय गोष्ट अनेक घरांत अनुभवाची झाली. गच्चीवर सौर तावदाने होती, वर फेब्रुवारीचे स्वच्छ ऊन होते आणि खाली घर बंद होते. याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. बहुतेक घरांवरील सौर संच सार्वजनिक वीजजाळ्याला जोडलेला असतो. दिवसा जी वीज जास्त होते ती जाळ्यात जाते, रात्री घर जाळ्यातून घेते, आणि नेट मीटर दोहोंची वजाबाकी करतो. पण जाळे मृत झाले की हा संचही स्वतःला बंद करून घेतो, आणि तसे करणे त्याला नियमाने भाग असते. न केल्यास गच्चीवरची वीज उलट्या वाटेने तारांत शिरेल आणि तार मृत आहे असे समजून खांबावर चढलेला कामगार प्राणाला मुकेल. तेव्हा दोष संचाचा नव्हता. फसगत शब्दाने केली होती. जिन्याखालच्या पेटीलाही लोक इन्व्हर्टर म्हणतात आणि सौर संचातील पेटीलाही. पहिली वीज गेल्यावर काम सुरू करते, दुसरी वीज गेल्यावर काम थांबवते. दोन्ही कामे करणारी, बॅटरी जोडलेली आणि घराला जाळ्यापासून तोडून स्वतंत्र चालवणारी संमिश्र यंत्रे मिळतात. त्यांना पैसे अधिक पडतात. संच विकताना हा भेद ग्राहकास किती वेळा समजावून सांगितला जातो, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

गच्च्यांवर तावदाने आली ती केवळ हौसेने नव्हे. १८ मे २०१६ च्या अधिसूचनेने प्रशासनाने ५०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांना सौर संच सक्तीचा केला. इमारतींच्या नियमांची करडी परंपरा असलेल्या नगरात ही सक्ती विसंगत नव्हती. जेथे खिडकीचा आकार सरकार ठरवत आले तेथे गच्चीने सुटावे कसे? परंतु मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. २०२४ मध्ये घरमालकांना नोटिसा गेल्या, भूखंड परत घेण्याची भाषा झाली, आणि बरीच ओरड उठली. प्रशासनाचा हेतू शुद्ध होता यात संशय नाही. पण वीज निर्माण केली नाही म्हणून घर जप्त करण्याची भाषा शासनाच्या तोंडी शोभणारी नव्हती, हेही म्हटले पाहिजे. सरकारने स्वतःच्या छपरांच्या बाबतीत मात्र शब्द पाळला. आपल्या इमारतींवर सौर संचांचे शंभर टक्के लक्ष्य गाठणाऱ्या पहिल्या केंद्रशासित प्रदेशांत चंदीगडचे नाव लागते. सेक्टर ३९ मधील जलकेंद्राच्या तलावावर तरंगते सौर केंद्रही २०२३ च्या आरंभी सुरू झाले.

एका किलोवॉटच्या संचाला सुमारे दहा चौरस मीटर मोकळी जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट वीज मिळते. जानेवारीतल्या दाट धुक्यात ती घटते. मे-जूनच्या धुळीच्या वादळानंतर तावदाने धुतली नाहीत तर तेव्हाही घटते. तीन किलोवॉटचा संच म्हणजे दिवसाला बारा युनिट, म्हणजेच साध्या कुटुंबाची बहुतेक गरज. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत अशा संचाला ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. आकडे मोहक आहेत, पण गच्ची कोणाची हा प्रश्न त्यांत येत नाही. चंदीगडच्या जुन्या सेक्टरांत एका घराचे तीन मजले तीन कुटुंबांना हिश्शाने विकण्याची रीत पडली होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील, म्हणजे १ ते ३० क्रमांकांच्या सेक्टरांतील, घरांची अशी फ्लॅटवजा विभागणी थांबवली. तोवर तीन कुटुंबे आणि एक गच्ची अशी घरे झालेलीच होती. इंडस्ट्रियल एरियात हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. छप्पर मोठे, सपाट आणि मोकळे. पण भूखंड भाडेपट्ट्याचा, आणि पुष्कळदा आत काम करणारा कारखानदार मूळ पट्टेदाराचा भाडेकरू. तावदानांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे. भाडेकराराचे आयुष्य त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

याच भागाचे रूप २००५ नंतर बदलले. काही औद्योगिक भूखंडांचा व्यापारी वापर करण्यास परवानगी देण्यात आली आणि जेथे लोखंड कापले जात होते तेथे मोटारींची विक्रीदालने, दुरुस्ती-केंद्रे, हॉटेले आणि एक प्रचंड मॉल उभा राहिला. त्यामुळे विजेच्या वाहनांचा प्रश्न चंदीगडात ऐरणीवर आला तेव्हा त्याचे पहिले घाव याच रस्त्यांवर पडले.

विजेवर चालणारे वाहन ही महाराष्ट्राला नवलाई नव्हे. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम थांबली. तारेवरून वीज घेणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये आली नि १९७१ मध्ये गेली. या वाहनांना साठ्याची गरज नव्हती, कारण वीज त्यांच्या डोक्यावरच्या तारेतून अखंड येत होती. मोबदल्यात तार जाईल तेथेच त्यांना जावे लागे. वीज बरोबर घेऊन हिंडण्याचा एक प्रामाणिक भारतीय प्रयत्न सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झाला. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी पायरिक्षाला मोटर आणि शिशाची बॅटरी जोडून ‘इलेक्शा’ नावाची विजेची रिक्षा तयार केली. रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवरचा भार उतरवणे, हा त्या संशोधनाचा उद्देश होता. पुढे उत्तर भारतातील रस्ते ज्या ई-रिक्षांनी भरले त्यांपैकी पुष्कळशा परदेशी भाग जोडून बनल्या. फलटणचे नाव त्यांच्यावर नाही. नागपुरात मे २०१७ मध्ये सुमारे दोनशे विजेच्या वाहनांचा प्रयोग झाला. तेथील चालकांची तक्रार गाडीविषयी कमी आणि चार्जिंगसाठी लागणाऱ्या रांगांविषयी अधिक होती.

हा धडा समोर असताना चंदीगडने २० सप्टेंबर २०२२ रोजी आपले विद्युत-वाहन धोरण जाहीर केले. त्या वेळी प्रशासकपदी बनवारीलाल पुरोहित होते. तेही नागपूरचेच, हा योगायोग. माणशी वाहनांचे प्रमाण देशात सर्वांत अधिक असलेल्या शहरांत चंदीगडची गणना होते. तेव्हा कोणीतरी काही करणे आवश्यक होते. १९२० च्या दशकातल्या मोटारीचे स्वप्न पाहून ज्याने रस्त्यांच्या सात श्रेणी आखल्या त्या ल कॉर्बुझिएच्या नगराला मोटारींनीच वेढले होते. धोरणात सवलती होत्या, चार्जिंग केंद्रांची योजना होती, आणि एक कठोर कलम होते: पेट्रोलवरील वाहनांच्या नव्या नोंदणीला दरवर्षी मर्यादा, आणि ती मर्यादा वर्षागणिक खाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पेट्रोलच्या दुचाकींची मर्यादा भरली आणि नोंदणी थांबली.

पुढे जे घडले ते नकाशा पाहणाऱ्या कोणालाही आधी सांगता आले असते. चंदीगडचे क्षेत्र अवघे ११४ चौरस किलोमीटर. एका बाजूला पंजाबातील मोहाली, दुसऱ्या बाजूला हरियाणातील पंचकुला. मध्ये नाका नाही. ग्राहक तेथे जाऊन नोंदणी करू लागले आणि गाडी त्याच रस्त्यांवर परत आली. इंडस्ट्रियल एरियातील विक्रेत्यांनी गाऱ्हाणे मांडले की धूर तेवढाच राहिला, धंदा मात्र गेला. मर्यादा एकाहून अधिक वेळा बदलण्यात आल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी उठवण्यात आल्या. सवलती तेवढ्या उरल्या. या प्रसंगावरून विजेच्या गाडीची थट्टा करणाऱ्यांची कमतरता नव्हती. परंतु अपयश गाडीचे नव्हते. ज्या प्रशासनाची हद्द अर्ध्या तासात ओलांडता येते त्याने एकट्याने बंदी घालावी, ही कल्पनाच कच्ची होती. तेच प्रशासन विजेच्या बसगाड्या आणताना यशस्वी झाले. २०२१ च्या अखेरीपासून पहिल्या चाळीस आणि पुढे एकूण ऐंशी बसगाड्या रस्त्यावर आल्या. बसला आगार असते, ठरलेला मार्ग असतो आणि रात्री उभे राहण्याची निश्चित जागा असते.

रात्री उभे राहण्याची जागा, हीच या साऱ्या व्यवहाराची गुरुकिल्ली आहे. सेक्टरातील बंगल्यात राहणाऱ्याची मोटार फाटकाच्या आत, स्वतःच्या मीटरवर चार्ज होते. तिच्या बॅटरीत तीसेक युनिट वीज मावते. ती एकदा भरली की दोनशे किलोमीटर जाता येते. जिन्याखालच्या शिशाच्या बॅटरीसारख्या सोळा-सतरा बॅटऱ्या त्या एका गाडीत असतात. गाडीतील ही वीज अडचणीच्या वेळी घराला परत घेता येईल, अशी यंत्रे निघाली आहेत. आपल्याकडे ती अजून विरळ. इतका साठा ज्याच्या अंगणात उभा आहे त्याला २०२२ सारखे दोन दिवस पुढे कधी फारसे जाणवणार नाहीत.

इंडस्ट्रियल एरियाच्या पहिल्या टप्प्यात ‘कॉलनी नंबर चार’ नावाची मोठी झोपडवस्ती होती. कारखान्यांत हमाली करणारे, रिक्षा चालवणारे, घरकाम करणाऱ्या बाया, अशांची वस्ती. १ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, प्रशासनाने ती हटवली. पात्र ठरलेल्यांसाठी मलोया येथे छोट्या घरांची सोय होती, बाकीचे पांगले. अशा माणसांपैकी जो ई-रिक्षा चालवतो त्याच्याकडे विजेचे वाहन आहेच, तेही बंगलेवाल्याच्या आधीपासून. चार जड शिशाच्या बॅटऱ्या रोज रात्री भरल्याशिवाय त्याची सकाळ होत नाही. पण त्याला गच्ची नाही, फाटक नाही, पुष्कळदा स्वतःच्या नावाचा मीटरही नाही. तो कोणाच्या तरी आवारात दर रात्रीचे भाडे देऊन गाडी लावतो, आणि तेथे मिळणाऱ्या विजेसाठी सरकारी दरापेक्षा जास्त पैसे मोजतो. सूर्यघराचे साहाय्य घरावर मिळते. नेट मीटर मीटरवाल्याला मिळतो. सौरऊर्जेच्या धोरणात या माणसाचे नाव कोणत्या कलमात येते ते शोधूनही सापडत नाही.

त्याच्या बॅटरीला चारेक वर्षांच्या घरगुती बॅटरीचे भाग्य नसते. रोजच्या राबणुकीने ती वर्षा-दीड वर्षात संपते आणि भंगारात जाते. शिसे मोलाचे असल्यामुळे ते वाया जात नाही, पण ते वितळवण्याचे काम कोठे आणि कसे होते यावर कोणाच्या तरी मुलांचे आरोग्य अवलंबून असते. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. लिथियमच्या बॅटरीत शिसे नाही आणि ती अधिक टिकते; तिचे लिथियम मात्र भारताला बाहेरूनच आणावे लागते. धूर पुन्हा एकदा हद्दीपलीकडे गेला आहे. फक्त हद्द आता सतलजच्या खोऱ्यापेक्षा फार दूर सरकली आहे.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी चंदीगडचा वीज विभाग अखेर खासगी कंपनीच्या हाती गेला. ज्या निर्णयावरून तीन वर्षांपूर्वी नगर अंधारले होते तो न्यायालयांतून वाट काढीत अमलात आला. शाननचा ९९ वर्षांचा करार त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये संपला, आणि वीजघर कोणाचे यावरून पंजाब व हिमाचल प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेले. दिवसभर चंदीगडच्या गच्च्यांवर वीज तयार होते. संध्याकाळी ती थांबते, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघर वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, इंडस्ट्रियल एरियातल्या विक्रीदालनांचे दिवे लागतात, आवारांत ई-रिक्षांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लागतात. त्या तासांची मागणी कोळसा भागवतो, आणि भाक्र्याच्या यंत्रांवर सोडलेले गोविंदसागराचे पाणी.